नाटकाची तिकिटं सांगण्याआधी घरातली डोकी मोजा

(सुट्टीत मुलांसह नाटकाला येणाऱ्या ग्राहकांसाठी)

पुण्या-मुंबईत नाटक बघायला येणाऱ्या कुटुंबांची तिकिटं आम्ही काढून देतो. सगळ्यात जास्त फोन एकाच गोष्टीसाठी येतात: "परवा चार काढली होती ना, त्यांच्याच शेजारी अजून दोन मिळतील का?" शनिवार-रविवारच्या चालत्या नाटकाला बहुतेक वेळा मिळत नाहीत. का मिळत नाहीत ते एकदा नीट सांगतो, म्हणजे तुमचाही वेळ वाचेल आणि आमचाही.

प्लॅन लागला, म्हणजे प्रयोगाची तिकीटविक्री उघडली, की मधल्या रांगांतल्या मधल्या खुर्च्या आधी जातात. तुमच्या चार खुर्च्यांना लागून असलेल्या जागा त्याच दिवशी कुणीतरी घेतो. पुण्याच्या बालगंधर्वला 900 हून जास्त खुर्च्या आहेत हे खरं, पण सलग सहा आणि त्याही मध्यावर अशा जागा फार थोड्या. शिवाय विकलेलं तिकीट सहसा परत घेत नाहीत, बदलूनही देत नाहीत. म्हणजे चार तिकिटं मोडून नवी सहा एकत्र घेण्याचा मार्गही उरत नाही. मग आईबाबा एफ रांगेत, थोरली एन रांगेत आणि मामेभाऊ बाल्कनीत. पंधरा वर्षांच्या मुलाला घरच्यांपासून इतकं लांब बसणं आवडेलही, पण ते त्याला विचारून व्हावं.

आकडा बदलतो तो बहुधा मुलांमुळे, आणि त्यात त्यांची चूक नसते. त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. रविवारी सकाळी क्लासची चाचणी असते, मॅच असते, मैत्रिणीचा वाढदिवस असतो. नाहीतर उलटं होतं, "ताई येतेय तर मीपण येतो" म्हणत दोन चुलत भावंडं वाढतात. लहान मुलांना सोबत न्यायचं असतं. तेरा-पंधरा वर्षांच्या मुलांना मात्र आधी विचारावं लागतं, आणि तेही फोन करायच्या आदल्या दिवशी. आम्ही खुर्च्या निवडून तुम्हाला फोन लावल्यावर नव्हे. ऑनलाइन निवडलेल्या खुर्च्या काही मिनिटंच अडवून ठेवता येतात. "घरी विचारून सांगतो" म्हणेपर्यंत त्या सुटतात आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

म्हणून आम्हाला एकच मेसेज पाठवा, आणि त्यात एवढं असू द्या:

नाटक आणि नाट्यगृह. तारीख, वेळ. एकूण माणसं (मुलं धरून, नक्की आकडा). नाही मिळालं तर दुसरा कुठला प्रयोग चालेल. माणशी जास्तीत जास्त किती रुपये. एकत्र जागा नसतील तर तीन-तीन चालतील का. जिना चढायला त्रास होणारं कुणी आहे का.

यातली "दुसरा प्रयोग" ही ओळ लोक हमखास गाळतात आणि तीच सगळ्यात उपयोगी पडते. त्याच नाटकाचा शनिवारी रात्रीचा प्रयोग भरला असला तरी रविवारी दुपारी दुसऱ्या नाट्यगृहात सलग सहा खुर्च्या सापडतात.

"तात्पुरती धरून ठेवा" हे आमच्याकडे होत नाही. आमचा वेगळा कोटा नाही. खिडकीवर तुम्ही जे पैसे द्याल तेच आम्ही देतो. म्हणून रक्कम आधी घेतो, त्यावर माणशी 40 रुपये आमचे. शक्य तिथे तिकीट खिडकीवरूनच काढतो, म्हणजे ऑनलाइनचं सुविधा शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वाचतो. नाटकाच्या 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी लागत नाही, त्यामुळे पुढच्या रांगांचा दरही बऱ्याचदा पाचशेवरच थांबलेला दिसेल. व्यावसायिक नाटकाला मुलांचं अर्धं तिकीट सहसा नसतं. आठवीतल्या मुलालाही पूर्ण खुर्ची, पूर्ण पैसे.

जागेबद्दल आमचं मत विचाराल तर पहिल्या दोन रांगांसाठी जादा पैसे मोजू नका. मान वर करून बसावं लागतं आणि रंगमंचाची खोली कळत नाही. पाचव्या ते दहाव्या रांगेतली मधली खुर्ची उत्तम. अगदी कडेच्या खुर्चीवरून अलीकडच्या बाजूचा नेपथ्याचा तुकडा झाकला जातो, घडामोड तिथेच असेल तर अर्धं नाटक ऐकूनच समजून घ्यावं लागतं.

नाटक कोणतं निवडावं? सिनेमाला आता यूए 13+, 16+ असं लिहिलेलं असतं, नाटकाच्या तिकिटावर तसं काही नसतं. संहितेला परिनिरीक्षण मंडळाची परवानगी असते, पण तुमच्या तेरा वर्षांच्या मुलीसमोर कोणता विषय चालेल ते मंडळ ठरवत नाही. आम्हाला विचारा, भाषा आणि विषय कसा आहे ते स्पष्ट सांगू. आमच्या अनुभवात या वयाला रहस्यनाट्य आणि वेगवान विनोदी नाटक लागू पडतं. लग्न झालेल्या जोडप्यांच्या कुरबुरींवर मोठी माणसं हसतात आणि मुलं घड्याळ बघतात. आधी नाटक न पाहिलेल्या मुलांना तीन अंकी संगीत नाटकापासून सुरुवात करून देऊ नका. मुलं थोडी वाचणारी असतील तर छोट्या नाट्यगृहातला प्रायोगिक प्रयोग जरूर बघा. जुहूच्या पृथ्वीला जेमतेम 200 जागा आहेत, नट हाताच्या अंतरावर असतो. तिथे खुर्ची क्रमांकाने मिळत नाही, आधी येईल तो आधी बसेल, आणि प्रयोग सुरू झाल्यावर आत सोडत नाहीत.

नावांचा घोळही दरवर्षी होतो. यशवंतराव चव्हाण नाट्यगृह पुण्यात कोथरूडला, यशवंत नाट्य मंदिर मुंबईत माटुंग्याला. आचार्य अत्रे रंगमंदिर कल्याणलाही आहे आणि पिंपरीतही. दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह विलेपार्ले पूर्वेला आहे. पुण्यात रिक्षावाल्याला "दीनानाथ" म्हणालात तर तो रुग्णालयात नेईल. मेसेजमध्ये नाट्यगृहाच्या पुढे गाव लिहा.

वेळेचं असं, की पुण्यात प्रयोग बहुतेक दुपारी साडेबारा, संध्याकाळी पाच-साडेपाच आणि रात्री साडेनऊचे असतात. मध्यंतर धरून दोन ते अडीच तास. रात्रीचा प्रयोग सुटायला बारा वाजतात, परतीची गाडी त्या हिशेबाने सांगा. साडेबाराच्या प्रयोगाला मुलांना जेवण नाहीतर भरपेट नाश्ता देऊनच आणा. मध्यंतरातल्या दहा-पंधरा मिनिटांत वड्याच्या रांगेत सहा जणांचं भागत नाही. मुंबईत रविवारी दुपारच्या प्रयोगाला लोकलने जाणार असाल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक बघा. ठाण्याच्या गडकरीला किंवा मुलुंडच्या कालिदासला जायचं असेल तर मध्य रेल्वेचा. दादरचं शिवाजी मंदिर प्लाझासमोर आहे, स्टेशनपासून चालत जाता येतं. तिसऱ्या घंटेच्या आधी अर्धा तास पोहोचा आणि आत मोबाइल बंद. प्रयोगाचं चित्रीकरण चालत नाही, रीलसाठी दहा सेकंदांचंही नाही, हे मुलांना घरीच सांगून ठेवा.

प्रयोग रद्द झाला तर तिकिटाचे पैसे परत मिळतात, आमचे 40 रुपयेही आम्ही परत करतो. खिडकीवरच्या तिकिटाला मात्र मूळ कागद लागतो, त्याचा फोटो चालत नाही.

आठ किंवा जास्त माणसं असतील तर प्लॅन लागण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत आकडा आणि रक्कम द्या. आमचा माणूस खिडकी उघडायच्या आधी रांगेत उभा असतो. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत त्याच दिवशी दुपारी आलेल्या मेसेजला सलग आठ खुर्च्या मिळवून देणं आम्हालाही जमत नाही.