‘थोडक्यात वाचलो’ हे लिहायचं कुठं?

जुलैत पन्हाळा-पावनखिंड करून आलेला कोल्हापूरकर आधी मसाई पठारावरच्या धुक्याचं सांगतो, मग चिखलाचं. तिसरी गोष्ट निघते ती रंकाळ्यावर भेळ खाताना, आवाज खाली आणून. आमचीही आहे. तीन वर्षांपूर्वी ओढा ओलांडताना गटातली एक पोरगी घसरली. पाणी मांडीलाही पोचलं नव्हतं. मागच्या एकानं सॅकचा पट्टा धरला म्हणून ती थांबली. ‘चांगभलं’ म्हणत आम्ही पुढं निघालो. त्या दिवशी मागून आणखी गट येत होते. त्यांना कुणीच काही सांगितलं नाही.

पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. सकाळी हसत ओलांडलेला ओढा दुपारी पाय उचलतो तो यामुळं. ‘मागच्या वर्षी इथूनच गेलो की’ या अनुभवाचा तिथं उपयोग नसतो.

अशा हुकलेल्या अपघातांची किंमत विमानवाल्यांना फार महागात कळली. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं विमान डोंगरावर आदळलं आणि ९२ जण गेले. उतरायची परवानगी मिळाली म्हणजे लगेच उंची कमी करायची का, यावरून गैरसमज झाला होता. सहाच आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच गैरसमजातून, त्याच भागात, थोडक्यात वाचलं होतं. त्या कंपनीनं आपल्या वैमानिकांना सावध केलं; बाकीच्यांपर्यंत ते पोचलंच नाही. १९७६ पासून अमेरिकेत अशा नोंदी नासाकडं जातात. दंड करणारं खातं वेगळं, नोंद घेणारं वेगळं, आणि नावं काढून टाकली जातात. माझ्या मते सगळी मेख इथंच आहे. ज्याच्या हातात छडी, त्याला कोण खरं सांगेल?

डोंगरातही हे चालतं. न्यूझीलंडमध्ये १५ एप्रिल २००८ रोजी मांगाटेपोपो नदीच्या घळीत अचानक पूर आला आणि सहा विद्यार्थी व त्यांचे शिक्षक बुडाले. सोबतची प्रशिक्षक नवखी होती. तिला दोष देऊन विषय मिटवता आला असता. पण चौकशी मागं मागं सरकत गेली: मुलांना घळीत नेणाऱ्या साहस केंद्राला मिळालेल्या हवामानाच्या अंदाजातून गडगडाटी पावसाचा उल्लेखच गळला होता, आणि त्या घळीत आधी घडलेल्या प्रसंगांची माहिती नव्या माणसांपर्यंत झिरपली नव्हती.

डेन्मार्कचे जेन्स रासमुसेन यांनी १९९७ मध्ये अशा साखळीचा नकाशा काढायची पद्धत मांडली: तळाशी साहित्य आणि हवामान, वर गटप्रमुख, त्याच्या वर संस्था, शेवटी सरकार. ऑस्ट्रेलियातली साहसी सहलींसाठीची ‘अपलोड्स’ ही नोंदपद्धत त्यावरच उभी आहे. तिच्यात अपघातांसोबत थोडक्यात टळलेले प्रसंगही लिहितात.

परवा वहीत तसेच रकाने आखून मी आमचा ओढा भरून पाहिला. दोर होता? होता, सॅकच्या तळाशी, जेवणाच्या डब्यांखाली. बूट? तळवे झिजलेले, निघण्याआधी कुणी पाहिले नव्हते. पाणी उतरेपर्यंत थांबता आलं असतं? गाडी पाच वाजता पलीकडच्या गावात येणार होती, आणि ती वेळ आठवडाभर आधी कोल्हापुरात बसून ठरली होती. पान भरलं. त्या पोरीचं नाव लिहायची वेळ कुठंच आली नाही.