चंद्राच्या खालच्या कक्षेतील वेगाचा हिशेब

चंद्रापासून १०० किलोमीटर उंचीवर वर्तुळाकार फिरणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला सुमारे १.६३ किलोमीटर येतो. सूत्र जुनेच आहे; त्यात घालायचे चंद्राचे वस्तुमान मात्र उशिरा हाती आले. उधाणाच्या आणि भांगाच्या भरतीतला जो फरक हर्णै-मालवणच्या होड्यांचे वेळापत्रक ठरवतो, तसलाच फरक इंग्लंडमधल्या एका बंदरात मोजून, त्यावरून सूर्य-चंद्राच्या ओढीचे प्रमाण काढून, अठराव्या शतकात चंद्र पृथ्वीच्या साधारण चाळिसाव्या हिश्श्याएवढा ठरवला गेला. प्रत्यक्षात तो एक्याऐंशीवा हिस्सा आहे. जुना आकडा धरला तर वरचा वेग २.३ किलोमीटरच्या पुढे जातो.

१९६६ पासून यानेच चंद्राभोवती फिरू लागली आणि त्यांच्या रेडिओ संकेतांवरून चंद्राची ओढ थेट मोजता आली. १९६८ मध्ये चंद्रावरील काळ्या मैदानांखाली जड भाग असल्याचे उघड झाले. त्यांच्या असमान ओढीने कक्षा बिघडते. १९७२ मध्ये सोडलेला एक छोटा उपग्रह ३५ दिवसांत चंद्रावर आदळला.

खरा घोळ मे २००९ मधील निर्णयाचा आहे. चांद्रयान-१ ची कक्षा तेव्हा १०० वरून २०० किलोमीटरवर नेण्यात आली. कक्षेतील बदलांचा अभ्यास आणि अधिक रुंद पट्ट्याचे चित्रण ही कारणे जाहीर झाली; यान तापत असल्याची बाब ठळकपणे पुढे आली ती नंतर. ती तेव्हाच मोकळेपणाने सांगायला हवी होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हिशेबही चकवणारा आहे. एवढे वर जायला इंजिन दोनदा चालवून प्रत्येक वेळी सेकंदाला साधारण २१ मीटर वेग वाढवावा लागतो, आणि तरीही वर पोहोचलेल्या यानाचा वेग १.५९ किलोमीटर, म्हणजे आधीपेक्षा सुमारे ४३ मीटरने कमी भरतो, कारण चढताना चंद्राची ओढ मिळवलेल्यापेक्षा अधिक वेग काढून घेते. फेरीही ११८ मिनिटांऐवजी सुमारे १२७ मिनिटांची होते.

ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ चे लँडर सुमारे ३० किलोमीटर उंचीवरून उतरू लागले, तेव्हा त्याचा आडवा वेग १.६८ किलोमीटरच्या आसपास होता. त्या उंचीच्या वर्तुळाकार कक्षेसाठी १.६७ पुरतो, पण ही लंबवर्तुळाकार कक्षेची खालची बाजू होती आणि तिथे वेग थोडा जास्तच असतो.