कामरान दीबा

दीबा, कामरान : (जन्म १९३७, तेहरान). इराणी वास्तुरचनाकार, नगररचनाकार आणि चित्रकार. तेहरानचे समकालीन कला संग्रहालय, त्याच्या जवळच बागेत उभा असलेला छोटासा नमाजखाना आणि खुझिस्तान प्रांतातले नवे शुश्तर हे आखून वसवलेले गाव ही त्यांची सर्वांत महत्त्वाची कामे. तिन्ही १९७९च्या इस्लामी क्रांतीआधी आखलेली. पुढचे आयुष्य त्यांनी अमेरिका, फ्रान्स आणि स्पेन या देशांत काढले. म्हणजे माणूस परदेशात आणि ज्यामुळे त्याचे नाव झाले त्या इमारती मायदेशात, असा हा प्रकार आहे.

शिक्षण वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात झाले. तिथून १९६४ साली त्यांनी वास्तुकलेची पदवी घेतली. हॉवर्ड हे कृष्णवर्णीय अमेरिकनांचे नामांकित विद्यापीठ. नागरी हक्कांच्या चळवळीने ते शहर ढवळून निघाले होते, १९६३चा प्रचंड मोर्चा तिथेच निघाला. पदवीनंतर दीबांनी वर्षभर समाजशास्त्राचा अभ्यास केला. चरित्रात ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते, पण त्यांच्या इमारती पाहताना ते वर्ष राहून राहून आठवते. लोक कुठे रेंगाळतील, कुठे टेकतील, कुठून आडवाट काढतील याचा विचार त्यांच्या नकाशात आधी येतो आणि दर्शनी भाग मागाहून.

१९६६मध्ये ते इराणला परतले. शिल्पकार परवीज तनावोली आणि रोक्साना साबा यांच्यासह त्यांनी तेहरानमध्ये कलावंतांचा एक अड्डा सुरू केला. पत्ता रश्त रस्ता, घर क्रमांक २९, म्हणून नावही ‘रश्त २९’. चित्रकार, कवी, वास्तुरचनाकार तिथे संध्याकाळी जमत. ‘सक्काखाना’ संप्रदायातल्या कलावंतांचाही तिथे राबता होता. सक्काखाना म्हणजे करबलाच्या रणात इमाम हुसैन यांना सोसाव्या लागलेल्या तहानेची आठवण ठेवून रस्त्याकडेला बांधलेली पाणपोई. आपल्याकडे मोहरमात लागणारी सबील त्याच भावनेतली. अशा पाणपोईवरची कुलपे, ताईत, पंजे, अक्षरे यांना आधुनिक चित्रात आणणारे हे कलावंत. दीबा यांच्या स्वतःच्या चित्रांतही फारसी अक्षर आहे. मात्र चित्रकार म्हणून ते या मित्रांच्या सावलीत राहिले, हे मान्य करावे लागते.

याच सुमारास त्यांनी ‘डाज’ या वास्तुसल्लागार संस्थेची सूत्रे घेतली आणि कामांचा ओघ सुरू झाला. तेहरानच्या युसुफाबाद भागातली शफक बाग आणि तिथले सांस्कृतिक केंद्र, नियावरान सांस्कृतिक केंद्र, अहवाझच्या जोंदीशापूर (आता शहीद चमरान) विद्यापीठातली मशीद व इतर इमारती ही त्यातली काही. इराणच्या तेव्हाच्या महाराणी फराह पहलवी या माहेरच्या दीबा आणि कामरान यांच्या नात्यातल्या. या नात्याने दारे उघडली हे उघड आहे. उघडलेल्या दारातून आत जाऊन काय केले, हा प्रश्न वेगळा.

त्याचे उत्तर म्हणजे कला संग्रहालय. ते ऑक्टोबर १९७७मध्ये खुले झाले. नादेर अर्दलान आणि अँथनी जॉन मेजर यांचाही आराखड्यात सहभाग होता. दीबा हे त्याचे वास्तुरचनाकार आणि पहिले संचालकही. तेव्हाची फराह बाग, म्हणजे आजची लाले बाग, तिच्या कडेला ही इमारत बसकी, जमिनीला धरून आहे. छपरावर ओळीने उभे असलेले पाठ वाकवलेले झरोके यझ्द शहरातल्या बादगीरांची आठवण देतात. बादगीर वारा पकडून घरात उतरवतो. इथे तेच रूप उजेड पकडण्यासाठी वापरले आहे. आत गेल्यावर गोल फिरत खाली जाणारा उतार लागतो. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाशी त्याची तुलना नेहमी होते, पण इथे माणूस जमिनीच्या पोटात उतरतो. दालनामागून दालन ओलांडत, मधल्या बागेला वळसा घालून तो पुन्हा निघाला होता तिथेच येतो.

उताराच्या तळाशी एक चौकोनी हौद आहे. (हौद, दालान, बाग हे शब्द फारसीतूनच आपल्याकडे आले आणि घरचे होऊन बसले.) इराणी वास्तूच्या मध्यभागी हौद असणे नवलाचे नाही, पण या हौदात पाणी नाही. नोरियुकी हारागुची या जपानी कलावंताने तो इंजिनाच्या वापरलेल्या तेलाने भरला. पृष्ठभाग इतका निश्चल आणि काळाभोर, की वरचा झरोका आणि कठड्याशी वाकलेली माणसे त्यात आरशासारखी उमटतात. संग्रहालयाची सगळी श्रीमंती १९७३नंतर भडकलेल्या तेलाच्या किमतींतून आली होती. इमारतीच्या मधोमध तेलच ठेवण्यात केवढा मिस्कीलपणा आहे!

त्या पैशातून दीबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिकासो, जाकोमेत्ती, रॉथको, बेकन, वॉरहॉल यांची कामे मिळवली. जॅक्सन पोलॉकचे १९५०चे एक भव्य चित्रही त्यात आहे. क्रांतीनंतर हा संग्रह बहुतांशी तळघरात गेला. तो विकला गेला नाही की जाळला गेला नाही, हे महत्त्वाचे. एकच मोठी अदलाबदल झाली. १९९४ साली अमेरिकेतले चित्रकार डी कूनिंग यांचे एक स्त्रीचित्र देऊन इराणचा बादशहा शाह तहमास्प याच्या सोळाव्या शतकातल्या सचित्र शाहनाम्याची (फिरदौसीच्या महाकाव्याची) उरलेली पाने इराणने परत मिळवली. पुढे २००६मध्ये ते चित्र १३ कोटी ७५ लाख डॉलरला विकले गेले. सौदा तोट्याचा होता की फायद्याचा, हे कोणत्या बाजूने पाहता त्यावर आहे.

बागेतला नमाजखाना आकाराने अगदी लहान, पण दीबांची शैली समजून घ्यायला तो पुरेसा आहे. काँक्रीटचा एक चौकोन, त्याच्या आत दुसरा. बाहेरचा चौकोन शहराच्या रेषेत उभा आहे, आतला मक्केच्या दिशेला वळवलेला. दोहोंमधली जागा कुठे रुंदावते, कुठे निमुळती होते. वर छप्पर नाही. घुमट नाही, मिनार नाही, नक्षीही नाही. आतल्या भिंतीतली उभी फट किब्ल्याची, म्हणजे मक्केकडची, दिशा दाखवते आणि माथ्यावर आकाश. तेवढ्या वळणाने प्रार्थनेची जागा रस्त्यापासून वेगळी होते.

नवे शुश्तर हे काम याच्या अगदी उलट, अख्ख्या गावाचे. कारून नदीच्या खोऱ्यातल्या ऊस आणि साखर प्रकल्पाच्या कामगारांसाठी १९७०च्या दशकाच्या मध्यात ते आखले गेले. इथे उन्हाळ्यात पारा पन्नाशीकडे जातो. दीबांनी जुन्या शुश्तरकडे पाहून विटांची बैठी घरे, सावली धरणाऱ्या अरुंद गल्ल्या, घरोघरी अंगण आणि रात्री झोपायला कठड्याची गच्ची अशी रचना केली. मधून पायी चालणाऱ्यांसाठी रुंद वाट काढली. खोल्यांना ‘बैठकीची’, ‘निजायची’ अशी नावे चिकटवली नाहीत; सतरंजी पसरली की बैठक, गाद्या घातल्या की निजायची खोली. आखलेल्यापैकी थोडेच गाव मूळ आराखड्याप्रमाणे बांधून झाले. क्रांती आली, मग इराकशी युद्ध पेटले आणि सीमेकडून उठून आलेली निर्वासित कुटुंबे या घरांत शिरली. ज्यांच्यासाठी गाव आखले त्यांच्याऐवजी भलतेच लोक राहायला आले, तरी घरे उपयोगी पडली. १९८६च्या आगाखान वास्तुपुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली.

दीबांनी मात्र क्रांतीआधीच देश सोडला होता. परदेशात त्यांनी वास्तुरचनेची कामे केली, चित्रेही काढत राहिले. इराणातल्या तोडीची संधी पुन्हा आली नाही. लेखक रझा दानेशवर यांनी त्यांच्याशी केलेल्या दीर्घ संवादाचे फारसी पुस्तक निघाले आहे. ‘दोन रस्त्यांमधली बाग’ असा त्याच्या नावाचा अर्थ, आणि उपशीर्षकात दीबांच्या आयुष्यातले ४,००१ दिवस. १९६६ ते १९७७ ही वर्षे मोजली तर जवळपास तेवढेच दिवस भरतात.