श्रेणी राहो न राहो, नॅकची फाइल आधी लावा

जानेवारी 2024 मध्ये नॅकने, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेने, डॉ. के. राधाकृष्णन समितीच्या शिफारशींवरून जाहीर केलं, की 'ए प्लस प्लस' ते 'डी' या श्रेणी जाणार. महाविद्यालय मानांकित आहे की नाही, एवढंच ठरणार. ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी 1 ते 5 पातळ्या. तेव्हापासून मराठवाड्यात दोन सूर ऐकू येतात. घाम गाळून 'ए' मिळवलेले प्राचार्य विचारतात, मग आमच्यात आणि शेजारच्या 'सी'वाल्यात फरक काय? आणि विनाअनुदानितवाले म्हणतात, निदान 'सी'चा तरी आधार होता, आता थेट नापासच. मला या विनाअनुदानितवाल्यांची भीती जास्त खरी वाटते.

कोणती पद्धत लागू आहे, हे अर्ज भरायच्या दिवशी नॅकच्या संकेतस्थळावरच बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफवर जाऊ नका. कागद मात्र बहुतेक तेच लागतात.

2017 च्या पद्धतीत दोन तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडलेल्या हव्यात किंवा स्थापनेला सहा वर्षं झालेली हवीत; जे आधी होईल ते. दुसऱ्यांदा मूल्यांकनाला जाताना दरवर्षीचे एक्यूएआर (वार्षिक गुणवत्ता अहवाल) भरलेले लागतात. पुढचे टप्पेही याच पद्धतीतले.

आधी आयआयक्यूए, म्हणजे पात्रतेच्या माहितीचा पहिला अर्ज, भरायचा. त्यासाठी एआयएसएचई (केंद्राचं उच्च शिक्षण सर्वेक्षण) कोड, प्राचार्यांचं स्वयंघोषणापत्र, यूजीसीची 2(एफ) (महाविद्यालय म्हणून मान्यता) आणि 12(बी) (अनुदानाची पात्रता) असेल तर ती, बी.एड.ला एनसीटीईचं (शिक्षक शिक्षण परिषदेचं) पत्र आणि विद्यापीठाचं संलग्नता पत्र लागतं. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिवला ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचं. नवा विषय किंवा वाढीव तुकडी असेल तर त्याचंही पत्र जोडा.

आयआयक्यूए स्वीकारला की 45 दिवसांत एसएसआर, म्हणजे महाविद्यालयाने स्वतःबद्दल लिहिलेला अहवाल. इथे खरी धावपळ होते, कारण सुमारे 70 टक्के मूल्यांकन आकड्यांवर असतं आणि डीव्हीव्हीत (आकड्यांच्या पडताळणीत) प्रत्येक आकड्याचा पुरावा मागतात. कार्यक्रम झाला असं म्हणून भागत नाही. सूचना, हजेरी, तारखेसह जिओ-टॅग फोटो, अहवाल, सगळं लागतं. आपल्याकडे हे काम बहुधा तासिका तत्त्वावरच्या सरांकडे असतं. जूनमध्ये ते दुसरीकडे जातात आणि त्यांच्या पेनड्राइव्हसोबत कॉलेजची दोन वर्षंही जातात. म्हणून फाइल कॉलेजच्याच ईमेलवर ठेवा. पडताळणीनंतर पीअर टीम, म्हणजे नॅकने पाठवलेलं तज्ज्ञांचं पथक, येते. तिच्यासाठी रंगरंगोटीवर जेवढा खर्च होतो, तेवढा संगणक लिपिकावर झाला तर बरं.

विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाकडे कुणी लक्ष देत नाही. महाविद्यालयातल्या 10 टक्के किंवा 100 विद्यार्थ्यांनी, यातला जो आकडा कमी असेल तितक्यांनी, उत्तरं द्यावी लागतात. नाहीतर तो निकष मोजतच नाहीत. प्रश्नावली नॅककडून विद्यार्थ्यांच्या ईमेलवर जाते. आणि आपल्या पोरांचे ईमेल प्रवेशाच्या वेळी नेटकॅफेवाल्याने काढलेले, पासवर्डही त्याच्याचकडे. तेव्हा ईमेलची यादी नॅकला पाठवण्याआधी वर्गात जाऊन प्रत्येकाला मोबाइलवर मेल उघडून दाखवायला सांगा. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्यांना फोन करा. नंबर बदललेला असेल, तर मुकादमाकडून मिळेल.