एलडी-५० (अर्धघातक मात्रा)

एखाद्या पदार्थाचा जो एकच डोस दिल्यावर प्रयोगातल्या प्राण्यांपैकी निम्मे प्राणी ठरावीक मुदतीत, बहुधा १४ दिवसांत, दगावतात, त्या डोसाला विषशास्त्रात एलडी-५० म्हणतात. ‘लीथल डोस’ या शब्दांची आद्याक्षरे आणि पन्नास टक्क्यांचा आकडा मिळून ही संज्ञा बनली. दर किलो वजनामागे इतके मिलिग्रॅम, अशी ती मोजतात. आकडा लहान, तर विष जहाल. उंदराला तोंडावाटे दिल्यास मिठाचा आकडा सुमारे ३,०००, कॅफीनचा २०० च्या आसपास आणि निकोटिनचा ५० धरला जातो. कोणता प्राणी आणि कोणता मार्ग (तोंड, कातडी की शीर) हे सांगितल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन विल्यम ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये मांडली. त्यांचा रोख विषांवर नव्हता. डिजिटालिस, इन्सुलिन यांसारख्या औषधांचा जोर घाण्यागणिक बदलत असे आणि तो मोजायला भरवशाचे माप हवे होते. सर्वांत कणखर आणि सर्वांत नाजूक प्राणी प्रत्येक खेपेला वेगळा निघतो, त्यामुळे ‘सगळे मरतील’ किंवा ‘पहिला मरेल’ असा डोस कधीच स्थिर राहत नाही. मधला आकडा मात्र कमी प्राण्यांवरही बऱ्यापैकी पक्का मिळतो.

गोव्यात ही संज्ञा प्रयोगशाळेपेक्षा कुळागरात (पोफळीच्या बागेत) जास्त भेटते, फक्त नाव न सांगता. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातला रंग १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार ठरतो आणि त्याचा आधार एलडी-५० हाच आहे. तोंडावाटेचा आकडा १ ते ५० असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५,००० निळा आणि त्यापुढे हिरवा. कातडीवाटेच्या विषारीपणासाठी वेगळ्या मर्यादा आहेत. फवारणी करणाऱ्याने खरे तर त्याच आधी पाहाव्यात. फोंडा, सत्तरी, सांगे भागात पोफळीच्या घोसांवर कोळेरोगासाठी (फळे कुजवणाऱ्या रोगासाठी) बोर्डो मिश्रण मारतात, तेव्हा उंचावर मारलेला फवारा खाली उभ्या माणसाच्या डोक्या-खांद्यावर येतो. औषध तो पीत नाही, अंगावर घेतो. या मिश्रणातल्या मोरचुदाचा तोंडावाटेचा आकडा पिवळ्या पट्ट्यात पडतो. एक टक्का द्रावणात चुन्याबरोबर मिसळल्यावर धोका पुष्कळ उतरतो, पण कोरडा मोरचूद हाताळणाऱ्याच्या डोळ्यांचे आणि हातांचे तसे नसते.

हिरवा रंग म्हणजे निर्धोक, हा समज मोडून काढायलाच हवा. एलडी-५० एका डोसाचे आणि मृत्यूचे माप आहे. वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगात जाणारे विष, कर्करोग, गर्भावरचा परिणाम यांबद्दल ते काहीच सांगत नाही. ग्लायफोसेट या तणनाशकाचा तोंडावाटेचा आकडा ५,००० च्याही वर जातो, तरी २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. काजू पिकवणाऱ्या गोव्याने केरळमधल्या कासरगोडचे उदाहरण विसरू नये. तिथल्या काजूबागांवर वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरमधून एन्डोसल्फान हे कीटकनाशक फवारले गेले आणि आजूबाजूच्या वस्त्यांतले जन्मजात व्यंगांचे व दीर्घ आजारांचे प्रकार देशभर गाजले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी आणली. डब्यावरच्या रंगाने यातले काहीच सांगितले नसते.

नैसर्गिक म्हणजे सौम्य, हा दुसरा गैरसमज. परसात तंबाखूचा काढा फवारणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातले निकोटिन शुद्ध स्वरूपात लाल पट्ट्याच्या काठावर बसते, शिवाय ते कातडीतून शोषले जाते. कोकण-गोव्याच्या रानातल्या काजऱ्याच्या बियांतले स्ट्रिक्नीन तर त्याहून जहाल.

प्राण्याप्राण्यांतला फरकही थक्क करणारा आहे. टीसीडीडी या डायॉक्सिन गटातल्या विषाने गिनीपिग मरतो ती मात्रा हॅमस्टरला मारायला हजारपट वाढवावी लागते. म्हणून उंदरावरचा आकडा माणसाच्या वजनाने गुणून ‘इतके चालेल’ असे ठरवणे घातक आहे. माणसाच्या आहारातली मर्यादा वेगळ्या, दीर्घकालीन चाचण्यांतून काढतात. ज्या मात्रेला प्राण्यात कसलाच अपाय दिसत नाही, तिचा साधारण शंभरावा भाग घेतात.

पाण्यासाठी याचेच भावंड म्हणजे एलसी-५०. निम्मे मासे ज्या तीव्रतेच्या पाण्यात, सहसा ९६ तासांत, मरतात ती तीव्रता. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके उंदराच्या मानाने मध्यम, पण माशांना लिटरमागे काही मायक्रोग्रॅमही पुरतात. खाजनाच्या (खाडीलगतच्या बांध घातलेल्या सखल जमिनीच्या) काठच्या शेतात ते मारले आणि पाऊस आला, तर निचरा मानशीकडेच (बांधातल्या पाण्याच्या झडपेकडे) जातो आणि तिथे शेवटे मासे, सुंगटे (कोळंबी) असतात. फवारणीचा दिवस ठरवताना चौकोनाच्या रंगापेक्षा लेबलवरची माशांविषयीची सूचना महत्त्वाची ठरते.

जुन्या पद्धतीत एका आकड्यासाठी ढिगाने प्राणी मारले जात. प्राणिप्रेमींबरोबर खुद्द विषशास्त्रज्ञांनीही यावर टीका केली. ओईसीडी या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने ती चाचणी २००२ मध्ये आपल्या मार्गदर्शिकेतून वगळली. आता मोजक्या प्राण्यांवर पायरी-पायरीने डोस देऊन पदार्थाचा वर्ग ठरवतात.

विषबाधेच्या प्रसंगी डॉक्टरांना एलडी-५० नको असते, घटकद्रव्याचे नाव हवे असते. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या विषावर ॲट्रोपिन देतात, पायरेथ्रॉइडवर त्याचा असा उपयोग नाही. दोन्हींची लक्षणे सुरुवातीला सारखी वाटू शकतात. प्रतिविषाची माहिती लेबलवर छापलेली असते. उरलेले औषध पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवले की हे सारे हरवते, म्हणून ते मूळ डब्यातच ठेवावे आणि रुग्णाबरोबर डबा रुग्णालयात न्यावा.