मध्यम आकाराची मत्स्यटाकी : पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

नवीन टाकी घ्यायला येणारे बरेच ग्राहक आधी काच पसंत करतात, मग दिवे, मग सजावट, मग मासे. फिल्टरची पाळी शेवटी येते आणि तोवर ठरवलेले पैसे संपत आलेले असतात. आमचा आग्रह आहे की हा क्रम उलटा करा. पाणी चांगलं राखणाऱ्या वस्तू आधी घ्या, डोळ्यांना सुखावणाऱ्या नंतर. नंतरच्या वस्तू सहा महिन्यांनी घेतल्या तरी माशांचं काही बिघडत नाही.

टाकी आणि स्टँड

लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणा आणि १००० ने भागा, म्हणजे किती लिटर ते कळतं. ७५ × ४० × ४० ची टाकी १२० लिटरची, ९० × ४५ × ४५ ची साधारण १८० लिटरची. नवशिक्याला आम्ही याच टप्प्यातली टाकी सुचवतो. पाणी जास्त असलं की तापमान आणि घाणीचं प्रमाण झपाट्याने बदलत नाही, आणि चूक झालीच तर सावरायला वेळ मिळतो. उंच टाकीपेक्षा लांब टाकी घ्या. माशांना पोहायला जागा मिळते, हवेला लागणारा पृष्ठभाग वाढतो आणि तळापर्यंत हातही पोहोचतो.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. खडी आणि काच धरली तर १८० लिटरची भरलेली टाकी २०० किलोच्या पुढे जाते. म्हणून साधं टेबल किंवा टीव्हीचं कपाट चालणार नाही. स्टँड मजबूत आणि लेव्हलमध्ये हवा, आणि तळाची काच थेट त्यावर टेकणार असेल तर मधे थर्मोकोल किंवा फोमची शीट हवी. काटकसर करायची तर जुनी टाकी घ्यायला हरकत नाही, पण कोपऱ्यांतलं सिलिकॉन कुठे सुटलंय का ते पाहा आणि घरात मांडण्याआधी सपाट जागी दोन दिवस पूर्ण भरून ठेवा.

फिल्टर

इथे हात आखडू नका. माशांच्या विष्ठेतून, श्वासातून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि सिरॅमिक रिंग्जवर वाढणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक असतं. नायट्रेट मात्र कमी प्रमाणात मासे सहन करतात, आणि पाणी बदललं की ते कमी होतं. म्हणजे फिल्टरचं खरं काम दिसणारा कचरा अडवण्यापुरतं नाही, या जिवाणूंना घर देणं हे आहे. म्हणून फिल्टर निवडताना त्यात मीडिया, म्हणजे जिवाणूंना राहायला दिलेले स्पंज आणि रिंग्ज, किती मावतो हे आधी बघावं.

टाकीतलं सगळं पाणी तासाला चार ते सहा वेळा फिल्टरमधून फिरावं, असा ढोबळ हिशेब धरतात. १२० लिटरला तासाला ५०० ते ७०० लिटरचा पंप पुरतो. खोक्यावरचा आकडा बहुधा रिकाम्या फिल्टरचा असतो. मीडिया भरल्यावर प्रवाह घटतो, तेव्हा थोडा वरचा घ्या.

सगळ्यात कमी खर्चाचा पर्याय म्हणजे एअर पंपावर चालणारे स्पंज फिल्टर. १२० लिटरला दोन मोठे स्पंज आणि मोजके लहान मासे, हे गणित नीट जमतं. दिसायला साधे असले तरी आम्ही ते मनापासून सुचवतो. त्याच्या वरचा पर्याय काठावर टांगायचा फिल्टर. साफ करायला सोपा, मध्यम टाकीला बहुतेकदा पुरेसा. कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा, नळ्यांनी जोडलेला बंद डबा, उत्तमच, पण मासे मोठे किंवा संख्येने जास्त असतील तरच त्याची खरी गरज. वीज बरेच तास गेली तर बंद कॅनिस्टरमधला प्राणवायू संपून जिवाणू मरतात. अशा वेळी तो धुतल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका.

कुठलाही फिल्टर असो, स्पंज नळाखाली धुऊ नका. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने जिवाणू मरतात. पाणी बदलताना काढलेल्या बादलीभर टाकीच्याच पाण्यात तो हलका पिळून घ्या.

हीटर, दिवा, हवा

हीटर घ्यायचा की नाही ते मासे आणि हवामान पाहून ठरवा. उष्ण कटिबंधातल्या बहुतेक माशांना २४ ते २७ अंश सेल्सिअस मानवतं. पाणी वर्षभर तिथेच राहत असेल तर हीटर नको, फक्त थर्मामीटर घ्या. गोल्डफिशलाही हीटर लागत नाही. लागणार असेल तर लिटरला साधारण एक वॅट धरा. हीटर स्वस्तातला घेऊ नका. थर्मोस्टॅट अडकला तर एका रात्रीत सगळे मासे दगावू शकतात. पाणी काढायच्या आधी हीटर बंद करून १५ मिनिटं थांबा, नाहीतर हीटरची काच तडकू शकते.

झाडं नसतील तर साधा एलईडी पुरतो. दिवसाला सहा ते आठ तास, त्याहून जास्त ठेवला तर शेवाळ वाढतं. एक टायमर लावून टाका.

फिल्टरमुळे पाण्याचा पृष्ठभाग हलत असेल तर वेगळ्या एअर पंपाची गरज सहसा पडत नाही. घेतलाच आणि तो पाण्याच्या पातळीखाली ठेवणार असाल, तर नळीत पाणी उलटं पंपात येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह जरूर बसवा. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत जात नाही.

ज्या वस्तू यादीतून गळतात

क्लोरिन काढणारं द्रावण, सायफन नळी, टाकीसाठी राखून ठेवलेली बादली आणि पाण्यातलं अमोनिया-नायट्राइट मोजायची थेंबांची टेस्ट किट. क्लोरामाइन (क्लोरिन आणि अमोनियाचं जंतुनाशक संयुग) असलेलं पाणी नुसतं साठवून ठेवून चालत नाही, द्रावण लागतंच. टेस्ट किटवरचा खर्च अनेकांना जास्त वाटतो, पण नव्या टाकीत तिच्यावाचून अंदाजानेच चालावं लागतं. जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे न सोडता, जिवाणूंना खाद्य म्हणून पाण्यात थोडा अमोनिया टाकतात. अमोनियाचा थोडा थोडा डोस देऊनही अमोनिया आणि नायट्राइट चोवीस तासांत शून्यावर येऊ लागले, की मासे आणायला हरकत नाही. निरोगी जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो, आणि तो फुकट असतो.

कार्बन डायऑक्साइडचा संच, यूव्ही दिवा, वेव्ह मेकर आणि बुडबुडे सोडणारी खेळणी सध्या राहू द्या. खडी ४-५ सेंमी थराची घ्या. ९० × ४५ च्या तळाला साधारण ३० किलो लागते.

चालू खर्चही आधीच मोजा. १० वॅटचा फिल्टर दिवसरात्र चालला तर महिन्याला सुमारे ७ युनिट वीज घेतो. हीटर थंडीत त्याहून पुष्कळ जास्त घेतो.

खरेदीला येताना टाकीच्या जागेची मापं, तिथे किती प्लग आहेत, पाणी नळाचं की विहिरीचं, आणि कोणते मासे हवेत एवढं लिहून आणा. माशांची नावं ठरली नसतील तर उपकरणं घेण्याआधी ती ठरवू. फिल्टरचा आकार त्यांच्यावरच अवलंबून असतो.