मानेची सौंदर्यशस्त्रक्रिया : पूर्वतयारी आणि नंतरची काळजी

हनुवटीखाली सैल पडलेली कातडी, तिथे साठलेली चरबी आणि मानेवर उभे ताणलेले दिसणारे स्नायूचे पट्टे कमी करण्यासाठी केली जाणारी शस्त्रक्रिया. दवाखान्यात आणि घरातही तिला सरसकट ‘नेक लिफ्ट’ म्हणतात. फक्त चरबी ओढून काढायची असेल तर ‘डबल चिनचं लायपो’ हा शब्द चालतो. भाजल्यानंतर आखडलेली मान सोडवण्याची शस्त्रक्रियाही प्लास्टिक सर्जनच करतात, पण तिचा हेतू आणि तिचे नियम वेगळे असल्याने तिचा विचार या नोंदीत केलेला नाही. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधले एम्स ही मोठी सरकारी रुग्णालये असली, तरी निव्वळ सौंदर्यासाठीची कामे मुख्यतः धंतोली-रामदासपेठेसारख्या भागांतल्या खासगी दवाखान्यांत होतात. शस्त्रक्रिया जगभर जवळपास एकाच पद्धतीची आहे. नागपूरकराला वेगळा विचार करावा लागतो तो खर्रा (सुपारी-तंबाखूचे घोटलेले मिश्रण), सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक विकार) आणि उन्हाळा या तीन गोष्टींमुळे.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

मानेच्या कातडीखाली प्लॅटिस्मा नावाचा कागदासारखा पातळ स्नायू असतो. तो छातीच्या वरच्या भागापासून जबड्यापर्यंत दोन्ही बाजूंनी पसरलेला असतो. वयाबरोबर त्याच्या मधल्या कडा सैल होतात आणि हनुवटीखाली दोन पट्टे उठून दिसू लागतात. नुसती कातडी ओढून बसवली तर ती काही काळाने पुन्हा सैल पडते, हे सर्जनांना अनुभवाने कळले. मिट्झ आणि पेरोनी यांनी १९७६ मध्ये चेहऱ्याच्या कातडीखालच्या, प्लॅटिस्माला जोडलेल्या आवरणाचे वर्णन केले. त्यानंतर ताण कातडीवर न देता आतल्या थरावर देण्याची रीत रुळली. फेल्डमन यांनी १९९० मध्ये हे दोन पट्टे मध्यभागी वरपासून खालपर्यंत सलग शिवण्याची पद्धत मांडली, ती आजही वापरात आहे.

एक छोटी चीर हनुवटीखाली दिली जाते. कातडी जास्त असेल तर आणखी दोन चिरा कानाच्या पाळीभोवतून मागे केसांत नेतात. कातडी चांगली घट्ट असलेल्या तरुण व्यक्तीत केवळ लायपोसक्शन पुरते आणि ते जागा बधिर करून होऊ शकते. पूर्ण नेक लिफ्टला साधारण दोन-तीन तास लागतात आणि बहुधा पूर्ण भूल दिली जाते.

काही तक्रारी या शस्त्रक्रियेच्या कक्षेतच येत नाहीत. गळ्याचा फुगवटा थायरॉइडच्या गाठीचाही असू शकतो, म्हणून घोट गिळताना गाठ वरखाली सरकते का हे आधी तपासतात. मानेवरची काळी, मखमली, जाडसर कातडी घासून जात नाही आणि कापूनही जात नाही. ती बहुतेकदा वाढलेल्या वजनाची आणि शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. अशा माणसाला ऑपरेशन टेबलाआधी रक्तातल्या साखरेच्या तपासणीची गरज असते.

पूर्वतयारी

विदर्भात पहिला प्रश्न खर्ऱ्याचा. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून मिळणारा हा प्रकार खाणारे पुष्कळ लोक ‘धूम्रपान करता का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतात. पण निकोटीन धुरातून आले काय किंवा गालातून आले काय, रक्तवाहिन्या आकसतातच. नेक लिफ्टमध्ये कातडी खालच्या थरापासून मोकळी केली जाते आणि काही दिवस तिला कडेच्या बारीक रक्तवाहिन्यांवरच जगावे लागते. त्या आकसल्या तर कानामागची कातडी काळी पडून गळते आणि तिथे रुंद व्रण उरतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी किमान चार आठवडे आणि नंतर किमान चार आठवडे सिगारेट, बिडी, खर्रा, मशेरी सगळेच बंद ठेवावे लागते. निकोटीनच्या च्युइंगमवर राहूनही हे साधत नाही, कारण निकोटीन तेच.

खर्ऱ्याचा दुसरा त्रास भूलतज्ज्ञाच्या वाट्याला येतो. सुपारीमुळे तोंडाच्या आतल्या अस्तरात तंतू वाढून जबडा हळूहळू उघडेनासा होतो. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटे उभी मावतात. ज्याची दोनच मावतात किंवा एकच मावते, त्याच्या घशात श्वासनळी नेहमीच्या पद्धतीने घालणे अवघड असते. मग नाकातून लवचिक दुर्बीण घालून नळी बसवावी लागते किंवा बेत रद्द करावा लागतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण त्यामुळे हा प्रश्न सुटलेला नाही. सल्लामसलतीच्या पहिल्याच भेटीत तोंड पूर्ण उघडून दाखवणे नागपुरात तरी शिष्टाचार मानला जावा.

रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, साखर, रक्त गोठण्याचा वेळ आणि गरजेनुसार ईसीजी येतात. विदर्भात त्यांच्यासोबत सिकलसेलची चाचणीही करून घ्यावी. इथल्या काही समाजांत हा आनुवंशिक विकार बराच आढळतो आणि वाहक माणसाला कित्येकदा त्याचा पत्ताच नसतो. वाहकाला सहसा त्रास होत नाही. प्रत्यक्ष आजार असलेल्यात मात्र शरीरातले पाणी कमी होणे, गारठा आणि ऑक्सिजन कमी पडणे यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. त्यांच्यासाठी निव्वळ दिसण्याखातर एवढी जोखीम घेणे सहसा शहाणपणाचे ठरत नाही. ती घेतलीच तर नंतरचा बर्फाचा शेकही टाळावा लागतो.

औषधांची यादी देताना लोक डॉक्टरांनी लिहिलेलीच औषधे सांगतात आणि इतर विसरतात. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढतो हे माहीत असते. लसणाच्या गोळ्या, गुग्गुळ, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई आणि जिनसेंग यांचाही तसा परिणाम होऊ शकतो, म्हणून तीही सांगावीत आणि सर्जन म्हणतील तेव्हा थांबवावीत. हृदयात स्टेंट असलेल्याने मात्र रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञाचा. वजन कमी करण्याची आठवड्याची इंजेक्शने घेणाऱ्यांनी ते भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगावे, कारण त्यांच्या पोटात अन्न जास्त वेळ राहते. वजन अजून उतरत असेल तर घाई करू नये. ते स्थिरावल्यावरच किती कातडी काढायची हे ठरते.

उच्च रक्तदाबावर नियंत्रण असणे सर्वांत महत्त्वाचे. या शस्त्रक्रियेनंतर होणारा गंभीर त्रास म्हणजे कातडीखाली रक्त साचणे. तो बहुधा पहिल्या २४ तासांत होतो, वाढलेल्या रक्तदाबाने बळावतो आणि पुरुषांत अधिक आढळतो. रक्तदाबाची गोळी ऑपरेशनच्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. हलके जेवण सहा तास आधी थांबवतात. तळलेले किंवा तेलकट जेवण त्याहूनही आधी, म्हणजे आदल्या रात्रीचे सावजी नकोच.

हंगामाविषयी नोंदकर्त्याचे मत स्पष्ट आहे: मे महिना टाळावा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांच्या आसपास किंवा वर जातो. तेव्हा हनुवटीखालून डोक्यावर बांधलेला दाबपट्टा दिवसरात्र घालून राहणे ही शिक्षाच. घाम साचून टाक्यांची जागा ओली राहते आणि पाणी कमी पडल्याने अशक्तपणा वाढतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा, फक्त लग्नसराईचे भान ठेवावे लागते. घरच्या लग्नात फोटोसाठी मान दाखवायची असेल तर दोन महिने आधी शस्त्रक्रिया व्हायला हवी.

खर्चाबाबत एवढेच की मेडिक्लेम हा खर्च देत नाही. शिवाय सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो. जन्मजात व्यंग किंवा अपघातानंतरच्या दुरुस्तीला तो नसतो. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

पहिले दोन आठवडे

पहिल्या रात्री डोके उंच ठेवायचे असते, पण उशांवर उशा रचून नव्हे. तसे केले की हनुवटी छातीकडे झुकते, मानेला घडी पडते आणि कातडीचा रक्तपुरवठा अडतो. पाठीपासूनच तिरके टेकावे आणि हनुवटी किंचित वर असावी. साचलेले रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी ठेवली असेल तर ती एक-दोन दिवसांत काढतात. दाबपट्टा साधारण आठवडाभर पूर्णवेळ आणि पुढे काही आठवडे रात्री वापरतात. तो घट्ट केला म्हणजे गुण लवकर येतो, हा गैरसमज आहे.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. काळेनिळे डाग ओघळून छातीपर्यंत उतरतात आणि दहा-चौदा दिवसांत मावळतात. या डागांना घाबरू नये. एका बाजूची मान अचानक फुगणे, औषधाला न जुमानणारी वाढती वेदना, श्वास किंवा गिळण्याला अडथळा यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

खोकला, उलटी आणि शौचाला जोर करणे या तिन्हींनी रक्तदाब उसळतो, त्यामुळे इसबगोल इथे अँटिबायोटिकइतकाच कामाचा. खाणे मऊ आणि कमी मिठाचे: वरणभात, खिचडी, दही, सोलून ठेवलेली संत्री. तर्री पोहे आणि कडक चावण्याचे पदार्थ आठवडाभर दूर ठेवावेत. लोणचे आणि पापडही, कारण मिठाने सूज रेंगाळते.

भेटायला येणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्याची सवय इथे आड येते. कमरेत वाकून डोके खाली गेले की मानेकडे रक्त धावते. दोन आठवडे हात जोडून नमस्कार पुरे. मंगळसूत्र, साखळी आणि कानातले शस्त्रक्रियेआधीच उतरवलेले असतात. टाके भरेपर्यंत ते परत घालू नयेत, यावर सासूबाईंचे मन आधीच वळवून ठेवलेले बरे. जखमेवर हळदीचा लेप किंवा तेल लावू नये.

हनुवटीखालचे टाके पाच ते सात दिवसांत आणि कानामागचे सात ते दहा दिवसांत निघतात. स्कूटी मात्र तेवढ्यात सुरू करता येत नाही. मान दोन्हीकडे न दुखता वळली पाहिजे, शिवाय हेल्मेटचा पट्टा नेमका शिवलेल्या जागेवर येतो. तो सैल ठेवून जाण्यापेक्षा काही दिवस ऑटोने गेलेले बरे.

पुढचे महिने

जड वजन उचलणे आणि जिम तीन-चार आठवडे बंद, चालणे पहिल्या दिवसापासून चालू. हनुवटीखाली सहा-आठ आठवडे गुठळ्या आणि कडकपणा जाणवतो, तो आपोआप मऊ होतो. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या कातडीत व्रण काळपट राहण्याची शक्यता अधिक असते. कानाजवळ केलॉइडचीही, म्हणजे व्रणाची जाड गाठ वाढत जाण्याचीही, भीती असते. आधी कान टोचल्यावर गाठ आली असेल तर ते सर्जनला शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावे. उन्हात निघताना विदर्भातले लोक तोंडाला दुपट्टा बांधतातच. व्रण कोवळा असेतो तो सुती आणि सैल असावा आणि जखम भरल्यावर सोबत सनस्क्रीनही लावावे. केसांना डाय किंवा मेंदी महिना-दीड महिना लावत नाहीत.

कानाच्या पाळीची आणि मानेच्या कडेची बधिरता काही महिने टिकते. कानाच्या पाळीची जाणीव देणारी नस मानेच्या बाजूने उथळ जाते, त्यामुळे या शस्त्रक्रियेत तिलाच इजा होण्याचा संभव सर्वांत जास्त. कधी खालचा ओठ एका बाजूला नीट खाली येत नाही, तो बहुधा काही आठवड्यांत सुधारतो. कानापुढेही चीर घेतलेली असेल तर पुरुषांत दाढीची कातडी कानाकडे सरकलेली असते आणि पूर्वी मऊ असलेल्या जागी वस्तरा फिरवावा लागतो. जाणीव परत येईपर्यंत तिथे ब्लेडऐवजी ट्रिमर वापरतात. डिसेंबरच्या थंडीत शेकोटीजवळ बसणाऱ्यांनी किंवा गरम पाण्याची पिशवी मानेला लावणाऱ्यांनीही सांभाळावे, कारण बधिर कातडीला चटका बसल्याचे कळत नाही.